पायपापुढचं सारवण

दुष्काळात भूमकडचं गाव सोडून आम्ही उस्मानाबादेत आलो आणि रस्त्याकडेच्या सिमेंटच्या पायपात राहिलो. नळयोजनेचे पाईप आले होते, पाण्याचा मेला पत्ता नव्हता! आई कुठून कुठून शेण आणून पायपाच्या तोंडापुढं रोज सारवायची. आम्हा पोरींना चपला बाहेर काढायला लावायची. मी मात्र ट्रकचा आवाज आला की पायपातून डोकं काढून बघायची. शेजारचे पाईप एकेक करून उचलून नेत होते.

एका सकाळी ट्रक आमच्यापुढंच थांबला. मी आईचं लुगडं गच्च धरलं. मुकादम खाली उतरला. सारवण बघून त्यानं चपला काढल्या, आत वाकला आणि हळूच म्हणाला, "बाई, घर रिकामं करा."

तोवर आमच्या पायपाला कुणीच घर म्हटलं नव्हतं.