काळी पट्टी अक्कालाच

मॉक ड्रिलचे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. कूलरच्या टाकीत पाणी साचतं तसे ते साचतात. वेळच्या वेळी उपसले नाहीत तर त्यात डास होतात. म्हणून आज उपसतेय.

मी शिरपूरकडच्या, हायवेला लागून असलेल्या एका सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. मोठा अपघात झाला, एकदम वीस-पंचवीस जखमी आले तर कोणी काय करायचं, हे सगळ्यांना शिकवायचं काम माझ्याकडे. वर्षाअखेरी एका कागदावर माझी सही लागते : 'सर्व कर्मचारी प्रशिक्षित.' ती सही मी दोन वर्षं टाळली. खोटी सही केली आणि उद्या खरंच एखादी गाडी उलटली, तर? मरणारा माणूस माझ्या सहीखाली मरेल.

*

पहिलंच ड्रिल. भोंगा वाजला आणि चौथ्या मिनिटाला ॲम्ब्युलन्स हजर! स्ट्रेचरवर इस्त्रीची चादर. आमच्याकडे आणि इस्त्री? मला तिथेच संशय आला. ॲम्ब्युलन्स सकाळपासून मागच्या लिंबाखाली उभी होती. जखमी उतरले तेही बँडेज बांधूनच!

आमचे मोठे डॉक्टर म्हणजे नाना. रिटायरमेंटला आलेले. मी विचारलं, "नाना, अपघाताआधीच ड्रेसिंग?"

"बेटा, यालाच तयारी म्हणतात!"

*

जखमींच्या मनगटाला रंगीत पट्ट्या बांधतात. लाल म्हणजे आधी याला बघा. पिवळी म्हणजे थोडं थांबेल. हिरवी म्हणजे चालता-बोलता आहे. काळी म्हणजे संपलं.

एका ड्रिलला गावातले एक माजी सरपंच हौसेने जखमी झाले. पाय मुरगळलाय असं ठरलं होतं, म्हणून मी हिरवी बांधली. ते उठूनच बसले.

"मला हिरवी? आणि त्या ड्रायव्हरला लाल?"

नानांनी शांतपणे हिरवी सोडली आणि लाल बांधली. वर मलाच म्हणाले, "बेटा, वयाचा मान असतो!"

काळी मात्र कोणीच घेईना. अपशकुन! शेवटी झाडू बाजूला ठेवून अक्का पुढे आली. अक्का आमची सफाई कामगार, सातपुड्याच्या पायथ्याकडची.

"ताई, माले दे काळी. मरेल मानूसले कोनी काम सांगस का!"

तेव्हापासून दर ड्रिलला अक्काच मरते. फरशीवर आडवी. मला वाटायचं, ही ड्रिलनंतर मिळणाऱ्या पोह्यांसाठी येते.

*

आपत्तीची पेटी स्टोअरमध्ये असते, किल्ली स्टोअरकीपर आबांच्या करगोट्याला. मी म्हटलं, "आबा, पेटी उघडा, लोकांना हात लावून शिकू द्या."

"सील तुटेल ना!"

"तुटण्यासाठीच असतं ते."

"मॅडम, वापरलं की संपतं. मग आपत्ती आली तर काय दाखवू?"

दाखवू! करू नाही, दाखवू!

*

लेखी परीक्षा घेतली. सगळ्यांना वीसपैकी एकोणीस. चुकलेला प्रश्नही सगळ्यांचा एकच, सातवा. आबा तर त्या दिवशी साक्रीला लग्नात होते, त्यांनाही एकोणीस!

नाना म्हणाले, "तुला प्रत्येक गोष्टीत काळंबेरंच दिसतं. याला टीमवर्क म्हणतात."

*

मग ठरवलं, न सांगता ड्रिल घ्यायचं. फक्त मला आणि नानांना माहीत. मंगळवारी, सकाळी अकरा. नानांना शपथ घातली.

मंगळवारी साडेनऊला गेटसमोरचा चहावाला लांबूनच ओरडला, "मॅडम, आज जखमी किती? त्या हिशेबाने पोहे भिजवतो!"

*

आणि मग या हिवाळ्यात, भरदुपारी, नरडाण्याच्या बाजूला कापूस वेचणाऱ्या बायांचा टेम्पो उलटला.

ॲम्ब्युलन्स आली, मागोमाग दोन पिकअप आल्या. नाना बाहेर येऊन माझ्यावरच डाफरले, "मला न कळवता ड्रिल?" आबा म्हणाले, "रक्त लई भारी बनवलंय, मॅडम!" न सांगता ड्रिल घ्यायला निघून या लोकांना हा संशय मीच शिकवला होता.

मग एका बाईचा वाकडा झालेला हात नानांना दिसला आणि त्यांचा चेहराच उतरला. आबांना किल्ली सापडेना, त्यांनी दगडाने कुलूप फोडलं. नाना सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या, टेम्पोतल्या मुकादमाकडे धावले. मीही त्यांच्यामागे.

तेवढ्यात माझा ॲप्रन कोणीतरी मागून खेचला. अक्का.

"जो बोंबली रायना त्याना दम चालू शे! हाई पोर गप शे, हिले पहिले देख!"

पिकअपच्या चाकाजवळ एक पोरगी पडली होती. तोंडात रक्त साचलेलं, श्वास अडकलेला. कुशीवर वळवली, तोंड साफ केलं, सक्शन लावलं. अक्काने तोवर तिच्या मनगटाला लाल पट्टी बांधलीसुद्धा. मग पुढची गप बाई शोधायला निघाली.

पोरगी वाचली. सगळेच वाचले.

आठवड्याने तो कागद पुन्हा टेबलावर आला. मी 'सर्व' खोडलं, तिथे एकच नाव लिहिलं आणि सही केली. नानांनी चष्मा सारखा करून नाव वाचलं. अक्का तिथेच फरशी पुसत होती.

"अक्का, तुला हे शिकवलं कोणी?"

तिने फडकं पिळलं.

"तुम्हीच ना, नाना. तीन साल खाले पडीसन देखं मी, घाईमा तुम्ही कोनाले वलांडीसन जातस ते!"