महादेवरावांचं काळीतलं घर

जुन्या माणसांनी जमिनीचे दोनच भाग केले होते. पांढरीत राहायचं, काळीत पेरायचं. काळी माती कापसाची आई खरी, पण भिंतीची सवत. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते, आणि तिच्या अंगावर जे उभं असेल त्याला हलवून सोडते. आमच्या पिपरी मेघेतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. महादेवरावांना तर जास्तच, कारण दुसऱ्यांना हे समजावण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. आणि काळीत घर बांधलं ते त्यांनीच.

महादेवराव आणि तानबा, दोघं सख्खे भाऊ. एकाच आईचे, पण थोरल्याला गावानं 'राव' लावला आणि धाकटा नुसता तानबाच राहिला. म्हणजे पहिली वाटणी गावानंच करून टाकली होती. जमिनीची झाली ती एकाहत्तर साली. एक वाटा नाल्याकाठच्या काळीचा, दुसरा रस्त्याकडच्या बरडीचा. बरड म्हणजे वर बोटभर माती, खाली मुरूम. रीत अशी की थोरल्यानं वाटे पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. तानबा भिडस्त. तो म्हणाला, "दादा, तुमीच उचला."

अशा वेळी थोरल्यानं म्हणायचं असतं, नाही रे बाबा, हक्क तुझा. महादेवराव म्हणाले, "बरं." आणि काळी उचलली. प्रमिलाबाई, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवती, आमच्या घरी सांगत होत्या, "मी वाट पाहून राह्यली होती, हे अजून काई बोलतीन म्हणून. नाई बोलले, माय."

पुढची काही वर्षं पानठेल्यावर महादेवरावांचा एकच विनोद चाले. "आमच्या तानबाच्या वावरात औंदा दगडाचं पीक जोरात हाय." आम्ही हसत होतो. त्या बरडीत कुसळ आणि तरोट्याशिवाय काही उगवत नसे हे खरंच होतं. तानबा मात्र कधी उलटून बोलला नाही, आणि भावाच्या दारी जाणंही त्यानं सणावारापुरतं ठेवलं.

मग शहर चालत आलं. हे वर्धा तरी काय? मूळचं पालकवाडी नावाचं खेडं. इंग्रजानं तिथे जिल्ह्याचं गाव वसवलं आणि खेडं पोटात गेलं. एकदा चव लागली की सुटते थोडीच? शहात्तर-सत्त्याहत्तरच्या सुमारास मास्तर, कारकून, कंपाउंडर, बँकेतले लोक प्लॉट बघत सायकलीवर फिरू लागले. त्यांना कापूस पेरायचा नव्हता. त्यांना रस्ता हवा होता आणि पायाला घट्ट जमीन. काळीकडे कोणी ढुंकून पाहिलं नाही. बरडीवर चुन्याच्या रेघा पडल्या, लेआउट झाला. तानबानं एक प्लॉट स्वतःला ठेवून स्लॅबचं घर बांधलं. पैशाचं महादेवरावांनी गिळलं असतं. गिळवलं नाही ते दुसरंच. ही नवी मास्तरमंडळी त्याला 'तानबाराव' म्हणू लागली.

पुढचं तुम्ही ओळखलंच असेल. एक्याऐंशीत महादेवरावांनी नाल्याकाठच्या वावरात घर काढलं, भावापेक्षा एक खोली जास्त. नत्थूजी मिस्त्री म्हणाला, "मालक, काळी हाय. खोल खंदून मुरूम भरा लागीन."

"मुरूम कोनाच्या घरून आनू?" महादेवराव कडाडले. "माई काळी मले धोका नाई देत."

काळीनं धोका दिला नाही. ती तिच्या स्वभावाप्रमाणे वागली. पहिला पावसाळा सरला आणि मधल्या खोलीची वावराकडची भिंत कोपऱ्यातून तिरपी फाटली. महादेवरावांनी तिथे दत्ताचं कॅलेंडर लावलं. भेग वाढली, खाली लक्ष्मी आली. मग शंकर-पार्वती. गावात बोलवा झाली की म्हातारा देवभोळा झाला.

त्या संक्रांतीला तानबाची बायको नलू हळदीकुंकवाला गेली. आमच्याकडे धाकटी सून भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, तोंडानं बोलत नाही, पदर ओढून दुसऱ्या कोणाला सांगते. भासरेबुवा बाहेर ओसरीवर बसलेले. खोलीची खिडकी बंद, आणि कॅलेंडर मात्र हलतंय. नलूनं ते बोटानं उचललं, पदर पुढे घेतला आणि ओसरीपर्यंत जाईल अशा आवाजात जावेला म्हणाली, "बाई, देवाच्या मागून तूर दिसून राह्यली!"

प्रमिलाबाई इतके दिवस गप्प होत्या, त्या दिवशी नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. सून शोभा बाळंतपणाला हिंगणघाटला माहेरी होती, दिवाळीत तिला मुलगा झाला होता. "नातवाचा पाळना मी या भिंतीजवळ टांगू देनार नाई. भिंत नीट होत नाई तोवर पोरगं तिकडंच राहीन. सांगून ठेवते."

नत्थूजीनं पाहून सांगितलं, स्लॅबला टेके देऊन भिंत उतरवू, खालची काळी काढू, मुरूम भरू. मुरूम तानबाच्या बरडीखेरीज इतर खदानींतही मिळत होता. पण वावराकडे जाणारा रस्ता एकच, तोही तानबाच्या दारावरून. मुरमाची बैलबंडी काही धोतराखाली लपवून नेता येत नाही. महिना गेला. नातू तिकडे पालथा पडू लागल्याचं पत्र आलं. महादेवरावांनी अजून त्याचं तोंड पाहिलं नव्हतं.

एका सकाळी ते तानबाच्या ओट्यावर येऊन बसले. मी तिथेच चहा पीत होतो. उठायला पाहिजे होतं. उठलो नाही. असे प्रसंग मागून मिळत नाहीत.

आधी कापसाच्या भावाचं बोलून झालं. मग उन्हाचं. शेवटी महादेवराव जमिनीकडे पाहत म्हणाले, "घर तडकलं रे."

"आयकलं," तानबा म्हणाला.

"मुरूम पायजे."

"घेऊन जा ना, दादा. कोपऱ्यातला प्लॉट अजून खाली हाय."

काम झालं होतं. पण ते उठेनात. "त्या दिवशी," ते म्हणाले, "तू 'उचला' म्हनाले नाई पायजे होतं. अन् म्या उचलाले नाई पायजे होतं." कबुलीतही अर्धा वाटा धाकट्याच्या पदरात टाकणारा हा माणूस! मला हसू येत होतं, तेवढ्यात ते पुढे म्हणाले, "मले मालूम होतं, काळी चांगली हाय."

तानबानं कपातला उरलेला घोट ओट्याखाली ओतला. "मलेबी मालूम होतं, दादा."

माझं हसू कुठल्या कुठे गेलं. आत नलूनं चहाचं आधण पुन्हा चढवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी भर दहा वाजता महादेवराव स्वतः बंडी हाकत लेआउटमधून निघाले, मागे लालसर मुरूम. एका मास्तरीणबाईंनी फाटकातून विचारलं, "काका, एवढा मुरूम कुठून आणला?"

"माया भावाच्या बरडीतून!" ते एवढ्या मोठ्यानं म्हणाले की पुढच्या चार घरांची विचारायची कटकट वाचली.

त्या उन्हाळ्यात भिंत नव्यानं उभी राहिली. वैशाखात शोभा बाळाला घेऊन आली. पाळणा टांगला, पण पोराला त्यात लगेच घातलं नाही. आधी प्रमिलाबाईंनी दोऱ्या दोन्ही हातांनी धरल्या आणि सगळा भार टाकून, भिंतीवरची नजर न हलवता, ओढून पाहिल्या.