कैंचीसरांची छाटणी

“‘कशी आहेस’ हे काढून टाक. त्याचं उत्तर कोण वापरणार आहे?”

नोएडाच्या ऑफिसात माझ्या मागच्या खुर्चीवरून सर फोनवर बायकोला सांगत होते. काकू बहिणीला मेसेज लिहीत असाव्यात. माझा तो पहिलाच आठवडा. या माणसाशी कामापुरतंच बोलायचं, असं मी तेव्हाच ठरवलं.

ऑफिसात त्यांना सगळे ‘कैंचीसर’ म्हणत. तरुणपणी ते दिल्लीतल्या एका प्रयोगशाळेत ‘फंक्शनल’ प्रकारच्या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर बनवत होते. म्हणजे माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम. तसल्या भाषा दिसायला सुंदर, पण चालायला इतक्या संथ की लोक हसायचे. त्यांना वेग आणणं हे सरांचं काम. ज्या हिशोबाचं उत्तर पुढे कुठेच लागत नाही, तो कंपायलरने आधीच छाटायचा. कंपायलर कधीच अडगळीत गेला, छाटणीचं व्यसन मात्र राहिलं.

माझा कोड तर ते रोज छाटायचे. खपून लिहिलेल्या पानाच्या चार ओळी उरायच्या, आणि वैताग म्हणजे त्या बरोबर चालायच्या.

“रागावू नकोस, अर्थ तोच आहे,” म्हणायचे. मी रागावलेय हे त्यांना कसं कळायचं कोण जाणे. मी तर तोंडही उघडत नसे. डब्यातली कोशिंबीर मात्र न विचारता माझ्या झाकणात वाढायचे. ती कधी छाटली नाही.

ते रिटायर होणार त्या दिवशी केक ठरला होता. मीही मराठी, म्हणून दोन शब्द मी बोलायचे. आठवडाभर मी आरशासमोर घोकत होते. संध्याकाळी पाहते तर खुर्ची रिकामी.

“यार, केक उन्होंने ही कैंसल करवाया,” एचआरची मुलगी म्हणाली. “बोले, भाषण का आउटपुट कौन यूज़ करेगा?”

इतका संताप मला कधी आला नव्हता. सर रोज मेट्रोने जायचे, म्हणून मी स्टेशनकडे धावत सुटले. सुरक्षा तपासणीला पुरुषांची रांग लांबलचक, सर तिच्या मध्यावर. बायकांच्या रांगेत कुणीच नव्हतं. मी आत जाऊन पलीकडे उभी राहिले.

मशीनमधून बाहेर आलेली डब्याची पिशवी उचलताना त्यांनी मला पाहिलं. “तू इथे? तुझी तर कॅब असते ना?”

घोकलेलं सगळं भाषण मनातल्या मनात छाटलं. एकच वाक्य उरलं.

“मी वापरणार होते, सर.”