नाकवाल्या मिस्त्रींचं नाक

माझ्या मामांना सगळे नाकवाले मिस्त्री म्हणतात. नाक काही फार मोठं नाही, चारचौघांसारखंच आहे. पण गॅरेजच्या दारात मोटरसायकल आली की मामा आधी तिच्याशेजारी उकिडवे बसणार, डोळे मिटून हुंगणार, आणि मगच पान्याला हात घालणार. ते म्हणाले गळतंय तर गळतच असणार, नाही म्हणाले तर नाहीच. गिऱ्हाईक तोंडात बोटं घालायचं. आम्हा भाचरांना तर लहानपणी वाटायचं, मामा नाकानंच गाड्या दुरुस्त करतात आणि पाने-पेचकस नुसते शोभेला ठेवलेत.

मामीची जागा गॅरेजच्या कोपऱ्यातल्या स्टुलावर. पूर्वी ती घरीच असायची. गेली काही वर्षं मात्र सकाळी डबा घेऊन जी येते, ती संध्याकाळी मामांबरोबरच परतते. जुने नटबोल्ट निवडते, फडकी धुते, आणि मधूनच विचारते, "अहो, पाणी हवंय का?" शेजारचा पंक्चरवाला यावरून फार टिंगल करतो. "मिस्त्री, वहिनी तुम्हाला तहान लागू देत नाहीत हो!" मीही त्या टिंगलीत हात धुऊन घ्यायचे. पण खरं सांगते, हेवाही वाटायचा. लग्नाला इतकी वर्षं होऊन नवऱ्याच्या तहानेची एवढी काळजी कोण करतं?

आमच्या अडगळीच्या खोलीत भावाची मोटरसायकल पडून होती. लांबच्या कामावर जाताना तो तिच्यावर जुनी चादर टाकून गेला, टाकीत पेट्रोल तसंच. पुढे तिला कुणी हात लावला नाही. मला शहराच्या दुसऱ्या टोकाला काम लागलं आणि बसच्या मागे धावून जीव मेटाकुटीला आला, तेव्हा म्हटलं, हिलाच उठवू. शहाणपणा करून जुनं पेट्रोल काढलं, नवं घातलं आणि टाकीखालचा कॉक उघडला, तर कार्बोरेटरखाली टपटप सुरू. मुकाट्यानं कॉक बंद केला आणि मामांना फोन लावला.

सुट्टीच्या दिवशी दोघं आले. मामी मलूल दिसत होती. "बरं नाही का गं?" विचारलं तर म्हणाली, "काही नाही, झोप झाली नाही." आणि सवयीनं खोलीच्या दाराशी स्टूल ओढून बसली. मामांनी कार्बोरेटर उतरवून खालची वाटी उघडली. आत पिवळट, चिकट थर.

"उभ्या गाडीतलं पेट्रोल उडून जातं आणि हा चिकटा मागे राहतो," मामा म्हणाले. "वाटी भरली की ही सुई वर जाऊन पेट्रोलची वाट बंद करते. सुईच अडकली तर पेट्रोल येतच राहणार. वाटी भरणार आणि सांडणार."

सुईच्या टोकाचं रबरही दगड झालं होतं. सगळं साफ करून त्यांनी तीच सुई परत बसवली. "तू नवी सुई आणि पॅकिंग घेऊन ये. तोवर कॉक उघडून ही कितपत धरते बघतो."

दुकानात गर्दी होती. परत आले तर फाटकाशीच वास. साधासुधा नाही, डोकं उठवणारा. खोलीत धावले. मामा गाडीच्या पलीकडे निवांत बसून प्लग घासत होते. कार्बोरेटर बाहेरून कोरडा. पण जादा पेट्रोल वाहून नेणारी नळी गाडीच्या पोटाखालून मागे निघते, तिला धार लागली होती. खाली टाकलेलं पोतं काळं झालं होतं, आणि त्याच्याखालून एक ओघळ भिंतीच्या कडेकडेनं स्वयंपाकघरात शिरला होता. दाराशी स्टूल होतं. स्टुलावर मामी नव्हती.

स्वयंपाकघरातून आवाज आला. टक्.

गॅसच्या लायटरचा. आमचा लायटर पहिल्या फटक्यात कधीच पेटत नाही. मी रोज त्याच्या नावानं बोटं मोडते.

"मामी! हात खाली!"

ती लायटर धरून जागच्या जागी थिजली. मी शेगडीचं बटण बंद केलं, लायटर हिसकावला आणि तिला दंडाला धरून अंगणात काढलं. परत जाऊन कॉक बंद केला. मामा "काय झालं? काय झालं?" करत उठले होते. त्यांच्या चपला पेट्रोलात होत्या.

दारं-खिडक्या उघडल्या. दिव्याच्या बटणाला हात लावू नका म्हणून बजावलं. ओघळावर अंगणातली कोरडी माती लोटली. मग पायरीवर मटकन बसून मी तोंडाचा पट्टा सोडला.

"मामा, नाकाला कुलूप लावलंय का तुमच्या? अख्ख्या गल्लीला वास येतोय, आणि तुम्ही पेट्रोलात बसून प्लग घासताय?"

मामांनी पायातली चप्पल काढली, नाकाशी नेली, मोठा श्वास घेतला. पुन्हा घेतला.

"मला येत नाही," ते म्हणाले.

"काय येत नाही?"

"वास. तो मोठा ताप आला होता बघ, त्यानंतर गेला. वाटलं, येईल परत. आला नाही."

तो ताप आला तेव्हा मी शाळेत होते. म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या गाड्यांपुढे डोळे मिटून बसणं, ते हुंगणं, सगळं नुसतं सोंग?

"मग गॅरेजमध्ये तुम्हाला कळतं कसं?"

मामा जमिनीकडे बघत बोलले. "हिला वास आला की ही पाणी विचारते. माझ्या लक्षात आलं ते. विचारलं की समजायचं, गळतंय. कुठून ते मग डोळ्यांना सापडतं. नाही विचारलं, तर शोधतच नाही." मग म्हणाले, "हिला बिचारीला ठाऊक नाही, मी तिच्या भरवशावर चालतो ते."

"मला ठाऊक नाही?" मामी म्हणाली. आवाज बसका, नाकातला. "दूध करपून पातेल्याचा कोळसा झाला होता, आणि हे बाहेरून म्हणाले, काय छान वास सुटलाय! तेव्हाच कळलं मला. म्हणून तर स्टुलावर येऊन बसले."

मामांचं तोंड उघडंच राहिलं. ते तिच्याकडे असे बघत होते, जणू ही बाई आजच भेटली.

"मग आज का नाही विचारलंस?"

"माझंच नाक चोंदलंय. काही म्हणता काही येत नाही. वाफ घ्यायलाच पाणी ठेवत होते."

"अगं, मग सांगायचं नाही? मी आपला निर्धास्त, ही विचारत नाही म्हणजे गळत नाही! आत्ता तू जळून गेली असतीस!" मामांचा आवाज चिरकला.

"कसं सांगू?" मामी म्हणाली. "माझं नाक चोंदलंय म्हणून तुम्हाला सावध करायचं, म्हणजे तुमचं गेलंय हे मला माहीत आहे, ते आधी बोलायला नको? तुम्ही कुठं मला सांगितलंत?"

एका घरात राहणारी, एका ताटात जेवणारी ही दोघं इतकी वर्षं एकमेकांचं झाकत बसली, आणि त्या झाकपाकीत आज माझं घर पेटणार होतं. मला संताप आला होता आणि रडूही येत होतं.

खोलीतला वास पुरता गेल्यावर मामांनी गाडी ढकलत अंगणात आणली आणि नवी सुई बसवली. या वेळी नळीखाली पांढरा कागद पसरला. मग आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले, "मला वास येत नाही. तू इथे बस आणि आला तर सांग." मी बसले. त्यांनी कॉक उघडला. आम्ही दोघं कागदाकडे टक लावून होतो. कागद कोरडा होता.

"अहो, पाणी हवंय का?" पायरीवरून मामी म्हणाली.

मामांचा हात झडप घालून कॉकवर गेला.

"कुठं येतोय? कुठं?" मामा ओरडले.

"कुठंच नाही हो," मामी म्हणाली. "घामाघूम झालायत. तहान लागली असेल म्हणून विचारलं."

"दे," मामा म्हणाले. तिनं पेला आणला, पण मामांनी कॉकवरची पकड काही सोडली नाही, तेव्हा पेला तिलाच त्यांच्या तोंडाशी धरावा लागला.