धुक्यातलं खाजण

मी तेव्हा पनवेलला बाळंतपणं करणारी सरकारी नर्स होते. वय तेवीस आणि तोंड वयापेक्षा मोठं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. थंडीतल्या एका सकाळी मिठागरावरची एक बाई मला न्यायला आली. तिची सून आदल्या दिवसापासून कळा देत होती, पहिलटकरीण. सडकेनं गेलं तर मोठा वळसा पडणार होता. ओहोटी आहे, खाजणातून जाऊ, असं ती म्हणाली. खाडीकाठचा तो चिखल तिच्या रोजच्या पायाखालचा होता. तिनं माझी पेटी डोक्यावर घेतली, मी चपला हातात घेतल्या आणि आम्ही निघालो.

अर्ध्या वाटेत धुकं उतरलं. हातभर पुढचं दिसेना. बाई आधी सावकाश चालली, मग डावीकडे वळली, मग पुन्हा उजवीकडे, आणि वाट हिलाही सापडत नाही हे मला कळून चुकलं. तेवढ्यात घोट्याला गार पाणी लागलं. भरती सुरू झाली होती आणि मला पोहता येत नव्हतं.

"तुमच्या नादी लागून मी इथं मरणार, आणि तिकडं तुमची सून," मी म्हणाले. असं बोलायला नको होतं, पण जिभेला हाड नसतं आणि भ्यालेल्या माणसाच्या तर नसतंच.

जागीच थांबून तिनं डोळे मिटले.

"बाय, जरा गप उबी रा," ती म्हणाली. "देवाला इचारू दे."

मला रागच आला. पाणी चढतंय आणि ही देवाला विचारतेय. पण पळायला दिशाच नव्हती, म्हणून उभी राहिले. तिचा श्वास संथ झालेला ऐकू आला. हळूहळू माझाही झाला, मला न विचारता. भीती गेली नाही, नुसती जरा गप्प बसली. मग मलाही जाणवलं, पाणी पायांवरून एकाच बाजूला चाललं होतं.

"भरती बांदाकडं जाते," ती म्हणाली. "आपुन उलट्या चाललो व्हतो. चल, पान्यासंगं."

पाणी गुडघ्याच्या वर आलं तेव्हा मिठागराच्या बांधाचे दगड पायाला लागले.

दुपारी मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. सांगायला बाहेर आले, तर बाई कुडाला टेकून बसली होती आणि थरथर कापत होती. मी पाणी दिलं, तर तिला पेला धरता येईना. देवावर भरवसा असलेल्यांना भीती वाटत नाही, असं मी तोवर समजत होते.

"मावशी, तुम्हीही भ्याला होतात?"

"तं? तुज्यापरीस जास्त. पन ते देवाला सांगितलं. तुला सांगितलं असतं तं तू चालली असती का?"