कुंकू लागलेलं गेज

इंग्रजी शिकवणाऱ्या सुनेला सासरी मान फार, पण तिच्या विद्येचा उपयोग जवळपास शून्य. बजाजनगरच्या शाळेत मी वर्षानुवर्षं फळ्यावर शब्दांच्या जोड्या लिहीत आले आहे. लुक आणि वॉच, से आणि टेल, मिस्टेक आणि फॉल्ट. मुलं म्हणतात, "मॅडम, मराठीत दोन्हीला चूकच म्हणतेत की." मी सांगते, मिस्टेक कुणाच्याही हातून होते, फॉल्ट म्हटलं की दोष कुणाच्या तरी माथी बसतो. मुलं माना डोलावतात आणि पेपरात दोन्हीकडे मिस्टेक लिहून मोकळी होतात.

या विद्येचा खरा उपयोग झाला तो धाकट्या दिरांच्या शॉपवर. वाळूजला पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं छोटं वर्कशॉप आहे, तिथं गाड्यांसाठी लोखंडी पिना बनतात. कंपनीतली कायमची नोकरी सोडून त्यांनी हे काढलं, तेव्हापासून सासरे, म्हणजे आमचे आबा, त्यांच्याशी कामापुरतंच बोलत. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागलेला मुलगा, एवढंच त्यांचं म्हणणं. शॉपच्या उद्घाटनालाही ते आले नव्हते. आता एक मोठं काम मिळण्याजोगं होतं, पण काम देणाऱ्या कंपनीतर्फे चेन्नईहून तपासणीला येणाऱ्या ऑडिटरनं शॉप पास केलं तरच. नाहीतर शेड रिकामी करून पुन्हा नोकरी शोधायची, असं दिरांनी ठरवून टाकलं होतं.

"वहिनी, तुम्ही येऊन नुसतं बसा," ते म्हणाले. "त्याला हिंदी नाय येत, अन् माझं इंग्रजी दुसऱ्याच वाक्याला पंक्चर होतं."

"भाऊजी, तुमचं इंग्रजी पहिल्या वाक्यालाच पंक्चर होतं," मी म्हणाले आणि रजा टाकली.

ऑडिट आलं दसऱ्यानंतर दोन दिवसांनी. खंडेनवमीला शॉपवर यंत्रांची, हत्यारांची पूजा झालेली. लेथ मशीनला झेंडूच्या माळा, पान्यांना हळदीकुंकू. ऑडिटच्या आदल्या दिवशी सगळ्यांनी मिळून देवाची फळी सोडून सारं पुसून लख्ख केलं होतं. ऑडिटर सावळा, शांत, कमी बोलणारा माणूस. अर्धं शॉप बघून झालं तरी चेहऱ्यावर काही नाही. असल्या माणसांची मला भीतीच वाटते, रागावला तरी परवडतो. मग त्याची नजर देवाच्या फळीकडे गेली. तिथं एक गेज होतं. गेज म्हणजे पिन मापात बसते की नाही ते सांगणारी पोलादी कडी. त्यानं ती उचलली. आतल्या अंगाला कुंकू चिकटलेलं, म्हणजे माप चुकणार. त्यानं बोट फिरवलं, लाल झालेलं बोट दिरांना दाखवलं.

दिरांनी हात जोडले. "सॉरी सर. अवर फॉल्ट सर. फुल फॉल्ट."

आपल्याकडे समोरच्याचा पारा चढायच्या आत आपणच 'चुकलं आमचं' म्हणून टाकायची रीत आहे. त्यात कबुली कमी आणि अदब जास्त असते. समोरच्यानंही मग 'असू द्या' म्हणायचं, की विषय मिटतो. पण या माणसानं 'असू द्या' म्हणायच्या जागी पेनाचं टोपण काढलं. याच गेजनं पिना मोजल्या का, त्यानं विचारलं. हो म्हटलं असतं तर दसऱ्यापासूनचा सगळा माल संशयात आणि शॉप नापास.

मी मध्ये पडले. म्हटलं, हे दोष कबूल करत नाहीयेत, ही आमची बोलण्याची रीत आहे. काय झालं ते आधी विचारू द्या. लेथवरच्या काकांना मी विचारलं, "काका, पूजेनंतर हे गेज वापरलं का हो?"

"नाय बाई," काका म्हणाले. "शॉपचं पहिलं गेज हाये ते. कोजागिरीपस्तोर देवापाशीच ऱ्हातं. त्याला कोन हात लावंल? काम समदं दुसऱ्या गेजवर चाललंय."

मी ते शब्दाला शब्द सांगितलं. ऑडिटरनं दुसरं गेज मागवलं, पेटीतल्या पिना त्यातून एकेक घालून पाहिल्या. सगळ्या मापात बसल्या. तरी तो लिहायला लागलाच.

"वहिनी, लिहितोय की ओ," दीर पुटपुटले.

मी धीर करून विचारलं, काय लिहिताय? "ऑब्झर्वेशन," तो म्हणाला, "फायंडिंग नाही." दोन्ही शब्द मला पाठ, पण दोन्हींमधला कुठला मारणारा ते कळेना. शाळेच्या हिशेबानं फायंडिंग म्हणजे शोध लागणं, चांगलीच गोष्ट. माझा चेहरा बघून तो पहिल्यांदा हसला. त्यानं सांगितलं ते असं: फायंडिंग म्हणजे नोंदवलेला दोष, त्याचं तुम्हाला उत्तर द्यावं लागतं; ऑब्झर्वेशन म्हणजे नुसती सूचना, ऐकून घ्यायची. पूजेचं गेज वेगळं ठेवा आणि त्यावरचा वापरातल्या गेजचा नंबर खोडा, एवढंच. आमच्याकडेही हत्यारांची पूजा होते, म्हणाला. मग दिरांचा हात हातात घेऊन त्यानं शॉप पास झाल्याचं सांगितलं.

त्याची गाडी वळणाआड गेली आणि मला इतकं हलकं वाटलं की मी तिथंच उलट्या क्रेटवर बसले. काकांनी चहा सांगितला. दिरांना उभं राहवेना, बसवेना. शेवटी त्यांनी आबांना फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"आबा, पास झालं शॉप."

पलीकडे आबांनी पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

"उद्या घ्यायला ये मला," आबा म्हणाले. "बघू तर दे, काय काय मशिनी घेतल्यास."