मॅडमच्या पर्समधल्या गोळ्या

"म्हणा माझ्या मागं," असं म्हणत मॅडम आपली खुर्ची टेबलामागून ओढून पेशंटच्या शेजारी आणायच्या. खुर्चीच्या पायांचं रबर निघालेलं होतं. ती खरखर बाहेर रांगेतल्या बायकांपर्यंत जायची आणि आत कोणाला तरी बोलतं करणं सुरू झालंय, हे सगळ्यांना कळायचं.

मॅडम म्हणजे मुदखेडजवळच्या आमच्या सरकारी दवाखान्यातल्या बायकांच्या डॉक्टर. मी तिथे समुपदेशक म्हणून नवीन लागले होते. नांदेडच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यात अबोल. पहिल्याच दिवशी त्यांनी मला कॉलेजातल्या एका मुलीशी बोलायला बसवलं. मी हळूच विचारलं, "तुझा प्रॉब्लेम रेग्युलर येतो का?"

मागून आवाज आला, "कसला प्रॉब्लेम? गणिताचा?"

मुलगी खुदकन हसली. मी टेबलाकडे बघत राहिले. आमच्या घरी त्याला प्रॉब्लेमच म्हणायचे, तेही बाबा अंघोळीला गेल्यावर. "म्हणा माझ्या मागं," मॅडम म्हणाल्या, "मासिक पाळी." मी म्हटलं. स्वतःच्या आवाजात तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

त्यांचं म्हणणं साधं होतं. दुखण्याचं नाव तोंडातून निघालं की त्यावर औषध मागता येतं. बायका 'अडचण', 'तसलं', 'बायकांचं' असं काहीबाही म्हणत आत यायच्या आणि पाळी, गर्भाशय, रजोनिवृत्ती, नैराश्य असे शब्द घेऊन बाहेर पडायच्या. नवऱ्यांनाही सूट नव्हती. कंधारकडच्या एका दांडग्या गड्याला बायकोच्या अंगावरून पांढरं जाण्याला 'श्वेतप्रदर' म्हणताना घाम फुटलेला मी पाहिलाय. "पुढल्या बारीला ती एकटीच येईल," तो म्हणाला.

"तुम्हीच या," मॅडम म्हणाल्या, "पाठ करून."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांची भीती वाटते, पण त्यांच्या खोलीतून पाय निघत नाही.

एकदा उमरीकडच्या एका खेड्यातून एक बाई आली. पन्नाशीच्या जरा अलीकडची. सोबत नवरा आणि सासू. बाई काही बोलत नव्हती. भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली होती, जणू दुसऱ्याच कोणाचं चाललंय.

सासूनं सांगायला सुरुवात केली. "पाळी जायला लागली तसं हिच्या अंगातली घाण डोस्क्यात चढून राहिली. झोपत न्हाई, रडती, तव्यावर भाकर टाकून उठून जाती. पिशवी काढून टाका, म्हंजी उतरंल. धाकट्या सुनंची काढली की."

"मग धाकटी बरी आहे का?"

"कंबर धरून बसती. पर रडत न्हाई."

मॅडमनी तपासलं, सोनोग्राफी बघितली, आणि तिघांनाही समजेल असं सांगितलं. पिशवीत काही दोष नाही. हा रजोनिवृत्तीचा काळ आहे आणि सोबत नैराश्य आलंय. दोन्हीला औषध आहे. पिशवी काढल्यानं मन बरं होत नाही.

नवरा उठला. "म्हंजी येड्याच्या गोळ्या द्यायच्या हिला? आमचं शहरात ठरलंय. सोमवारी काढून देतेत."

"बसा," मॅडम म्हणाल्या. तो बसला नाही.

मॅडमनी ड्रॉवरमधून आपली पर्स काढली. रुमाल, चाव्या, बडीशेपेची डबी बाजूला करत गोळ्यांचं एक पाकीट काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या. "माझी पाळी गेली त्या वर्षी दिवसभर इथं तुमच्या बायका तपासायचे आणि घरी जाऊन भिंतीकडं तोंड करून पडायचे. लेकरं हाका मारायची, ओ द्यावीशी वाटायची नाही. मी पिशवी नाही काढली, मनाच्या डॉक्टरला दाखवलं. अजून गोळ्या घेते. मी येडी दिसते का तुम्हाला?"

पडद्यापलीकडे सिस्टरच्या ट्रेचा आवाज थांबला. मला मॅडमकडे बघवेना. मी त्या पाकिटाकडे बघत राहिले. त्यातल्या काही गोळ्या घेतलेल्या होत्या.

सासूनं पाकीट उचलून उलटंसुलटं केलं. "तुमाला बी?"

"हाव," एरवी शुद्ध बोलणाऱ्या मॅडम म्हणाल्या. "मला बी."

कॅलेंडरकडे बघणारी बाई आता मॅडमकडे बघत होती. नवऱ्यानं औषधाची चिठ्ठी घेतली, पण सोमवारचं काही बोलला नाही.

संध्याकाळपर्यंत ही बातमी मेडिकलवाल्याकडे आणि चहाच्या हॉटेलात पोचली. ज्या गावात ओढणीचं टोक सरकलं तरी कोणी पाहिलं का म्हणून मी चारदा वळून बघायचे, त्या गावात मॅडम दुसऱ्या दिवशी नेहमीसारख्या पायी आल्या. "आता गोळ्यावाली म्हणतात मला," त्या म्हणाल्या. "म्हणू द्या." आणि खुर्ची ओढली.

सोमवार गेला. मॅडम रोज विचारायच्या, "उमरीची आली का?" ती येत नव्हती. शेवटी एका रविवारी त्या मला म्हणाल्या, "चला, बघून येऊ."

बाई अंगणात मूग पाखडत होती. आम्हाला बघून नवऱ्यानं बाज टाकली. सासू म्हणाली, "गाडी दारात आली व्हती, म्याडम, सोमवारी."

मॅडमचा चेहरा उतरला. "मग?"

"म्या बसले न्हाई," बाई म्हणाली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. "म्या म्हणलं, म्याडमची पिशवी जाग्यावर हाय, माझी बी राहू द्या. गाडीवाल्याला चहा पाजून माघारी लावला."

"झोप येते का?"

"येती थोडी. रडू बी येतं. पर रोज न्हाई."

मॅडमनी मान हलवली. मग बाईच्या शेजारी बसून त्या सुपातले खडे वेचू लागल्या.

यंदा मॅडम निवृत्त होऊन लातूरला लेकीकडे गेल्या. त्यांच्या खोलीत आता दुसऱ्या डॉक्टर बसतात, चांगल्या आहेत. पण मॅडम म्हटलं की मला त्या रविवारचा परतीचा प्रवास आठवतो. एसटी सुटली आणि मॅडमना झोप लागली. डोकं माझ्या खांद्यावर आलं, चष्मा नाकावर घसरला. कंडक्टरनं त्यांच्याकडे निरखून बघितलं. "त्या गोळ्यावाल्या म्याडम का?" त्यानं दबक्या आवाजात विचारलं.

मी त्याच्याकडे सरळ बघून "हो" म्हणाले.

त्यानं तिकिटं दिली. पुढच्या उघड्या खिडकीतून गार वारा मॅडमच्या तोंडावर येत होता. एसटीची काच आवाज न करता सरकत नाही. त्यानं ती दोन्ही हातांनी धरली आणि थोडी थोडी करत, हळूहळू लावून घेतली.